भिडस्त माणसाला गुण किती द्यायचे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गोल्डबर्ग यांची पन्नास विधानांची व्यक्तिमत्त्व चाचणी फुकट मिळते, म्हणून प्रकल्पासाठी तिचं मराठी करायला बरेच जण घेतात. पाच घटक (बहिर्मुखता, सौजन्य, शिस्त, भावनिक स्थैर्य, कल्पकता), प्रत्येकाची दहा विधानं, 1 (अजिबात पटत नाही) ते 5 (पूर्ण पटतं) गुण. सोपं वाटतं.

पहिली ठेच लिंगाची. इंग्रजी विधानाला लिंग नसतं. ‘मी फारसा बोलत नाही’ म्हटलं की बायका बाहेर. ‘मला फार बोलायला आवडत नाही’ ही पळवाट नको, कारण प्रश्न वागण्याचा आहे, आवडीचा नाही. सरळ दोन वेगळे कागद छापावेत.

याच विधानात दुसरा घोळ आहे. हे बहिर्मुखतेचं उलटं विधान: जितकं पटेल तितकी बहिर्मुखता कमी, म्हणून मिळालेले गुण 6 मधून वजा करायचे. पण ‘बोलत नाही’पुढे ‘अजिबात पटत नाही’ आलं की दोन नकारांत माणूस गोंधळतो आणि भलत्याच आकड्यावर खूण करतो. ‘मी गप्प गप्प असतो’ असं होकारार्थी लिहावं.

‘लाइफ ऑफ द पार्टी’चं ‘पार्टीची जान’ करू नये. ते उलट भाषांतरात, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून ताडताना, बिनचूक परत येतं, म्हणून तपासणीत सुटतं. ‘मी आलो की मैफल रंगते’ हे मराठी झालं खरं, पण आपल्याकडे ही फुशारकी. बोलकी माणसंही संकोचाने 2 वर खूण करतात आणि अंतर्मुख ठरतात. ‘घरातली कामं लगेच उरकते’ याला सुनेने दिलेले 5 गुण शिस्तीचे की धाकाचे, हे आकडा सांगत नाही.

आणि भिडस्त? भीड पडली म्हणून नको असलेल्या कर्जाला जामीन राहणारा माणूस. तो लाजाळू असेलच असं नाही, प्रेमळही नाही. पाच घटकांचे हे रकाने माणसाचं वर्णन करणाऱ्या इंग्रजी विशेषणांच्या गठ्ठ्यांतून निघाले. भिडस्तपणाचा रकाना त्यात नाही. भिडस्तपणा बहिर्मुखता आणि सौजन्य यांत विभागला जातो.

रकानेच सगळीकडे टिकतात असंही नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांच्या 632 प्रौढांवर असाच प्रयोग झाला, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. पाच घटक सापडले नाहीत. माणसांशी मिळून वागणं आणि कष्टाळूपणा, एवढे दोनच निघाले.

तेव्हा छापण्याआधी दहाजणांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, ‘उत्तर देताना डोळ्यांसमोर कोण आलं?’ सासू आली, साहेब आला, तर ते विधान पुन्हा लिहायला घ्या.