ड्रॉप चेकर हिरवा, तरी मासे वर

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या घरगुती निवासातून काकांचा फोन आला. त्यांच्या जेवणघरातली माशांची, पाणवनस्पती लावलेली दोन फुटी टाकी मीच लावून दिलेली. "सगळे मासे वर आलेत, तोंडं उघडझाप करतायत. पण तुमचा तो काचेचा थेंब हिरवागार आहे हो! हिरवा म्हणजे ठीक ना?" काचेचा थेंब म्हणजे ड्रॉप चेकर, टाकीत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते रंगाने दाखवणारं छोटं भांडं: कमी असेल तर निळा, ठीक असेल तर हिरवा, जास्त असेल तर पिवळा.

अशा वेळी कारण नंतर शोधायचं. वनस्पतींसाठी सोडतो त्या कार्बन डायऑक्साइड गॅसची चावी पूर्ण बंद करा, फिल्टरचं तोंड वर वळवा म्हणजे पाणी खळखळेल, हवेचा पंप असेल तर त्याचा दगड सोडा, असं फोनवरच सांगितलं. आणि विहिरीचं ताजं पाणी अजिबात ओतू नका. नुकत्याच उपसलेल्या विहिरीच्या पाण्यात जमिनीतला कार्बन डायऑक्साइड बराच विरघळलेला असू शकतो. तो रात्रभर उघड्या पिंपात ठेवल्यावर उडून जातो. गुदमरलेल्या माशांवर तेच पाणी ओतायचं म्हणजे आगीत तेल.

चिपळूणहून पोचेपर्यंत सव्वा तास गेला. टेट्रा मासे खाली उतरले होते, पण कल्ले अजून जोरात हलत होते. तळाशी राहणारे दोन कोरीडोरास मासे दर अर्ध्या मिनिटाला वर झेप घेत होते. एक चेरी झिंगा मेलेला. ड्रॉप चेकर अजूनही हिरवा. त्यात नवल नव्हतं, कारण चेकरमधल्या द्रावणाचा रंग टाकीतल्या बदलाच्या तास-दोन तास मागे चालतो. पाण्याचं तापमान ३० अंश. ३० अंशांना पाण्यात प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर राहत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात चुकीला फारशी जागाच नसते.

आधी पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता पाहिली, ६.८. मग केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं मान. पाच मिलीलिटर पाण्यात थेंब टाकत गेलो आणि निळ्याचं पिवळं व्हायला बारा थेंब लागले. तिथेच सगळं लक्षात आलं. हिशेब सोपा आहे: कार्बन डायऑक्साइड मिलिग्रॅममध्ये = ३ × केएच × १० चा (७ वजा पीएच) घात. केएच १२ आणि पीएच ६.८ म्हणजे लिटरला ५७ च्या आसपास. सव्वा तास खळखळाट करूनही एवढा. फोन आला तेव्हा चेकर हिरवा होता. त्यातल्या ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याचा तो हिरवा पीएच ६.६ चा धरला, तर त्या वेळी टाकीत ९० असणार. आपल्याला हवा असतो ३० च्या जवळपास.

"काका, या चेकरमध्ये पाणी कुठलं भरलंत?"

"टाकीतलंच. शेवाळ धरलं होतं म्हणून परवा धुतला, आणि तुम्ही दिलेल्या बाटलीतले तीन थेंब टाकले. निळा दिसला म्हणून चावी रोज थोडी सोडत गेलो. आज हिरवा झाला."

काकांनी नेमकं तेच केलं जे बरेच लोक करतात. हिरवा म्हणजे ३० हे फक्त चेकरमधलं पाणी ४ केएचचं असेल तरच खरं. टाकीचं पाणी भरलं की चेकर हा टाकीचा पीएच दाखवणारा रंगीत काचेचा तुकडा होतो, बाकी काही नाही. केएच १२ असताना ३० मिलिग्रॅमला पीएच ७.१ असतो आणि त्या पीएचला द्रावण निळसर दिसतं. म्हणजे गॅस नेमका झाला होता त्या दिवशीही काकांना निळाच दिसला आणि त्यांनी चावी आणखी सोडली.

याची उलटी तऱ्हा रत्नागिरीकडे सड्यावरच्या घरांत दिसते. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, केएच एक-दोन. तिथे टाकीचं पाणी चेकरमध्ये भरलं तर तो सात ते पंधरा मिलिग्रॅमलाच हिरवा होतो. मालक खूश, आणि तळाला पसरणारी मॉन्टे कार्लो ही वनस्पती महिनाभर जागची हलत नाही. किनाऱ्याच्या पट्टीत वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाण्यात चुना सोडतो, म्हणून वाडीतली विहीर बरेचदा जड पाण्याची. दहा मैलांत पाणी इतकं बदलतं. म्हणून चेकरचं द्रावण दर ठिकाणी सारखंच हवं आणि ते बाहेरूनच आणायला हवं.

ते घरी करता येतं. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा, बॅटरीचं चालतं पण सीलबंद हवं. एक लिटरमध्ये १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा, हे झालं ४० केएच. त्यातलं १० मिली घेऊन डिस्टिल्डने १०० मिलीपर्यंत भरलं की ४ केएच. थेट ०.१२ ग्रॅम मोजायला सोनाराचा काटा लागतो, म्हणून हा दोन टप्प्यांचा खटाटोप. चेकर आतून डिस्टिल्डनेच धुवायचा, साबण लावायचा नाही. निम्म्यापर्यंत द्रावण, तीन-चार थेंब रंग, आणि उलटा लावताना आत हवेची पोकळी राहील असं पाहायचं. टाकीचं पाणी आणि द्रावण एकमेकांना भिडता कामा नये, गॅस त्या पोकळीतूनच जातो. चेकर डिफ्यूझरच्या, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तुकड्याच्या विरुद्ध टोकाला लावा. बुडबुडे थेट त्यावर आदळले तर तो पिवळा होतो आणि आपण नाहक घाबरतो.

बाटल्या बदलायच्याच होत्या, म्हणून गॅसचा संचही उघडून पाहिला. काकांकडे दोन बाटल्यांचा आहे, सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा. साखर-यीस्टपेक्षा मला हाच पटतो. कोकणच्या उकाड्यात यीस्ट पहिल्या आठवड्यात बेफाम सुटतं, नंतर मरगळतं आणि रात्री बंद करता येत नाही. सिलिंडर सर्वांत उत्तम, पण रेग्युलेटरसकट त्याचा खर्च दोन फुटी टाकीसाठी जड जातो आणि भरायला शहरात न्यावा लागतो.

बाटल्या दोन लिटरच्या, कोल्ड्रिंकच्याच घ्यायच्या, त्या दाब सोसायलाच केलेल्या असतात. पाण्याची बाटली पातळ, काच तर कधीच नको. एकीत २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ६०० मिली पाणी. दुसरीत २४० ग्रॅम सोडा आणि २०० मिली पाणी, तो पूर्ण विरघळत नाही, रबडी राहते. बरेच जण दोन्ही २००-२०० घेतात आणि मग शेवटी ॲसिड उरून वाया जातं. या मापात सुमारे ७० लिटर गॅस निघतो. दिवसाला आठ तास, सेकंदाला एक बुडबुडा या दराने मला तो साधारण तीन-चार आठवडे पुरतो. झाकणं घट्ट लावून ॲसिडची बाटली हळूच दाबायची, थोडं ॲसिड सोड्यात जातं आणि दाबाचा काटा चढतो. दीड किलोच्या आसपास थांबलं पाहिजे, दोनच्या वर गेला तर निडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसची चावी उघडायची. जोरात दाबलं तर काटा एकदम उसळतो. पुढे दाब कमी झाला की ॲसिड आपसूक ओढलं जातं. सोड्याची बाटली हाताला गार लागते आणि दमट हवेत तिच्यावर दव धरतं. गॅस होतोय याची ती खूण.

काकांच्या संचात दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या. डिफ्यूझरकडे जाणारी नळी नंतर बदलून साधी सिलिकॉनची लावली होती. सिलिकॉनमधून कार्बन डायऑक्साइड गळतो आणि ती ढिली पडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ६ × ४ मिलिमीटरची पीयू (पॉलीयुरेथेन) नळी लावली. दुसरं, टाकीजवळचा एकमार्गी व्हॉल्व्ह पांढऱ्या कणांनी अडकून उघडाच राहिला होता. कधीतरी बाटली आडवी झाली असणार आणि सोड्याचं पाणी नळीत चढलं असणार. तो उघडा राहिला की गॅस संपल्यावर टाकीचं पाणी मागे बाटलीत उतरतं. नवा बसवला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा कुठेच नाही. चावी बंद ठेवून रात्रभर काटा जागचा हलला नाही तरच संच पक्का.

सायट्रिकचा डबा मात्र पावसाळ्याआधीच गोळा झाला होता. पुढच्या वेळी मापाच्या पुड्या करून हवाबंद डब्यात ठेवा म्हटलं. दगड फोडून केलेलं माप कुणीच नीट मोजत नाही.

चावी कमी करून सेकंदाला एक बुडबुडा ठेवला, गॅस दिवे लागण्याआधी तासभर सुरू आणि दिवे जाण्याआधी तासभर बंद. हाताच्या चावीचा धोका एकच, वीज गेली की फिल्टर थांबतो आणि गॅस चालूच राहतो. गुहागरला वादळी वाऱ्यात दिवसभर वीज जाते, म्हणून सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह सुचवला. पॉवर गेली की तो स्वतःच बंद होतो. तो येईपर्यंत वीज जाताच चावी बंद करायची जबाबदारी काकूंनी घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला काकांनी फोटो पाठवला. नव्या द्रावणाचा चेकर हिरवा, थोडा पिवळ्याकडे झुकलेला. पीएच ७.१. "आता हा खरा हिरवा ना?" असं खाली लिहिलेलं. मी चावी एक हिस्सा कमी करायला सांगितली, कारण उन्हाळ्यात २०-२५ वर राहिलेलं बरं, आणि द्रावणाच्या बाटलीवर मार्करने 'फक्त चेकरसाठी' असं लिहून ठेवायलाही. हे मी टाकी लावली त्याच दिवशी लिहायला हवं होतं.