पोझ्झुओली: नेपल्सजवळचं रोमचं जुनं बंदर, आणि तिथली वरखाली होणारी जमीन

नेपल्सला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक पॉम्पेई बघतात, जमलं तर व्हेसुव्हियस चढतात आणि पुढे अमाल्फीला निघून जातात. माझं म्हणणं, त्यातला एक अख्खा दिवस पोझ्झुओलीला द्याच. रोमन काळात याचं नाव पुतेओली, आणि हे रोमचं खरं मोठं बंदर होतं. रोमच्या जवळ ओस्तिया होतं, पण तिथे मोठ्या जहाजांना सुरक्षित जागा नव्हती, म्हणून अलेक्झांड्रियाहून गव्हाची जहाजं इथे यायची. आपल्याकडची मिरी, हस्तिदंत, कापड हा मालसुद्धा लाल समुद्र, नाईल, अलेक्झांड्रिया असा फिरत फिरत इथे उतरायचा.

आणि हे गाव ज्वालामुखीच्या शेजारी नाही, ज्वालामुखीच्या आत आहे. काम्पी फ्लेग्रेई म्हणजे साधारण १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा खचलेला खोलगट भाग, त्यात शंकूसारखा एक डोंगर वगैरे काही दिसत नाही, त्यामुळे नेपल्समध्ये सगळे व्हेसुव्हियसकडे बघत राहतात आणि इकडे लक्षच जात नाही.

जायचं कसं: नेपल्सहून मेट्रो लाईन २ ने 'पोझ्झुओली सोल्फातारा' स्टेशनला उतरा, ते गावाच्या वरच्या बाजूला आहे. तिथून उतारावरून चालत चालत बंदरापर्यंत यायचं आणि परतताना खालच्या स्टेशनवरून कुमाना लाईनची लोकल पकडून नेपल्समधल्या मोंतेसांतो स्टेशनला यायचं, म्हणजे चढ लागत नाही. दोन्ही लाईन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, तिकीट काढताना नीट विचारून घ्या.

मेट्रोपासून थोडं खाली आलं की फ्लेवियन अँफिथिएटर लागतं. रोमचं कोलोसियम आणि कापुआ गावातलं अँफिथिएटर यांच्यानंतर इटलीतलं तिसरं मोठं. वरचा भाग बराच पडलाय पण तळघर बघाच, प्राण्यांचे पिंजरे वर ओढायच्या चौकोनी झडपा, कमानी, बोळ सगळं जागच्या जागी आहे, कारण ते शतकानुशतकं मातीखाली गाडलेलं होतं. मला कोलोसियमपेक्षा हे जास्त आवडलं, गर्दी नाही, शांतपणे बघता येतं. कधीकधी तळघर बंद ठेवतात, तिकीट घेण्याआधी खिडकीवर विचारा.

आता खरी गोष्ट. बंदराजवळ एका खोलगट बागेत रोमन बाजारपेठेचे अवशेष आहेत. १७५० मध्ये खोदकामात सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून लोक त्याला सेरापिसचं मंदिर म्हणायला लागले, ते नाव अजून चालतं, पण होता तो बाजारच. तिथे तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. खालचा भाग गुळगुळीत, मग साधारण साडेतीन मीटर उंचीवरून पुढे भोकांचा रुंद पट्टा, आणि त्याच्या वर परत गुळगुळीत. ही भोकं समुद्रातल्या दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची! म्हणजे बाजार जमिनीवर बांधला, मग जमीन खचत खचत समुद्राखाली गेली, खांबांचा तळ गाळात बुडालेला म्हणून वाचला, त्याच्या वरचा भाग शिंपल्यांनी पोखरला आणि नंतर सगळं परत वर आलं, आणि हे होत असताना खांब पडले नाहीत. चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १८३० मध्ये भूशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं ते याच कारणाने. हे बघायला आत जायची गरज नाही, कठड्यावरून छान दिसतं, फुकट. दुर्बीण असेल तर न्या, भोकं स्पष्ट दिसतात.

जमिनीखालचा वायू, गरम पाणी आणि मॅग्मा (वितळलेला खडक) यांचा दाब वाढला की गाव वर उचललं जातं, कमी झाला की खाली बसतं. १५३८ मध्ये आधी जमीन वर आली, समुद्र मागे हटला, आणि मग आठवड्याभरात मोंते नुओवो नावाची अख्खी टेकडी तयार झाली. १९८२ ते ८४ मध्ये गाव जवळपास १.८ मीटर वर उचललं गेलं, सुमारे ४०,००० लोकांना हलवावं लागलं. जुन्या गोदीत पाणी एवढं उथळ झालं की बोटी तळाला टेकायच्या.

रिओने तेर्रा ही बंदरावरची जुनी वस्ती जमिनीच्या याच हालचालीमुळे १९७० मध्येच रिकामी केली होती. तिथलं कॅथेड्रल चुकवू नका. १९६४ मध्ये ते जळालं आणि भिंतींच्या आतून रोमन मंदिराचे खांब बाहेर आले, आता ते खांब आणि मध्ये काच असं चर्च आहे. खालचे रोमन रस्ते बघायला आधी बुकिंग करून गाईडबरोबरच जावं लागतं.

बंदरावर थोडा वेळ बसाच. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवलंय की अलेक्झांड्रियाची टपालजहाजं दिसली की अख्खं गाव धक्क्यावर येऊन उभं राहायचं. त्या व्यापाराचा आपल्याशी संबंध बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात जा (मंगळवारी बंद). तिथे पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती आहे, वीतभर उंचीची. तशाच मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात तेर आणि पैठणचा माल भडोचला जायचा असं लिहिलंय, त्यामुळे ही मूर्ती आपल्या मराठवाड्यातून निघाली असेल असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मी तिच्यासमोरून हलायलाच तयार नव्हतो. ती 'गुप्त दालन' म्हणतात त्या विभागात ठेवतात, न दिसल्यास कर्मचाऱ्यांना विचारा.

सोल्फातारा हे गंधकाची वाफ सोडणारं विवर २०१७ च्या अपघातापासून बंद आहे, जुन्या गाईडबुकवर विसंबून जाऊ नका. वेळ असेल तर जवळचं बाइया गाव करा, तिथे रोमन श्रीमंतांची घरं समुद्राखाली गेलीत, काचेच्या तळाच्या बोटीतून दिसतात, पण वारा असेल तर बोट निघत नाही.

भूकंपाचं विचाराल तर, गेली काही वर्षं जमीन परत वर येतेय, छोटे धक्के नेहमीचे, २०२५ मध्ये ४.६ तीव्रतेपर्यंतचेही झाले. लोक तिथेच राहतात, दुकानं चालू असतात. जायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा, कारण मोठ्या धक्क्यानंतर तपासणीसाठी ट्रेन थांबवतात आणि काही ठिकाणं बंद करतात. विमान त्याच दिवशी संध्याकाळी असेल तर पोझ्झुओली त्या दिवशी ठेवू नका.