ज्या गावाचं नावच ‘पेठ’

बार्सिलोनाचे चार दिवस गर्दीत गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी फिगेरेसपर्यंत रेल्वे, पुढे बसने ला एस्काला आणि तिथून समुद्राच्या कडेने चालत एम्पूरिएस, एका जुन्या ग्रीक गावाचे अवशेष.

आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाया बंदरातून निघालेले ग्रीक इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इथे उतरले. गावाला नाव दिलं एम्पोरिऑन, म्हणजे बाजाराची जागा. थेट आपली पेठ! ना देवाचं नाव, ना राजाचं. आणि हे साधंसुधं नाव असं टिकलं, की गाव ओस पडलं तरी भोवतालच्या अख्ख्या मुलखाला आजही एम्पोर्दा म्हणतात.

मी कल्याणची. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आमचं कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येतं आणि त्यालाही हाच शब्द लावलेला आहे, एम्पोरिऑन. लहानपणापासून ऐकलेला तो शब्द इथल्या फाटकावरच्या पाटीवर दिसला आणि माझ्या घशात आवंढा दाटला.

आत खारवलेल्या माशांचा कारखाना, पाण्याची टाकी, वैद्यकदेव आस्क्लेपिओसचं देऊळ. त्याची संगमरवरी मूर्ती 1909 साली इथेच सापडली. एका जेवणघराच्या फरशीवर ग्रीक अक्षरं जडवलेली आहेत: आडवं पडणं किती सुखाचं! लिव्ही हा रोमन इतिहासकार मात्र वेगळंच सांगतो. शेजारच्या स्थानिक टोळीच्या भीतीने गावाच्या तटाला जमिनीकडून एकच दरवाजा होता आणि रोज रात्री एक तृतीयांश नागरिक तटावर पहारा द्यायचे. म्हणजे ते सुख जागून मिळवलेलं होतं.

खरी थांबले मी बाहेर, वाळूत. जुन्या बंदराचा धक्का अजून उभा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचे प्रचंड दगड. बंदर मात्र गाळाने बुजलं. त्या दगडांवर लोकांनी ओले टॉवेल वाळत घातले होते, पोरं वरून उड्या मारत होती. मला फार राग आला. दोरखंड बांधला नाही, साधी पाटीसुद्धा नाही! ज्या व्यापारामुळे गावाला नाव मिळालं, त्याच्या धक्क्याला एवढाही मान नसावा?

सावलीला बसून मी दगडावर हात ठेवला. तापलेला होता. कल्याणला खाडीत अजून पाणी आहे, पण जुना धक्का नक्की कुठे होता, हे मी तिथे वाढूनही कधी शोधलेलं नाही. परतल्यावर पहिल्या रविवारी दुर्गाडीच्या बाजूने खाडीकाठी जायचं, हे तिथेच ठरवलं.