बोरच्या पाण्याने डाळ शिजेना

सदाशिव पेठेतून वाघोलीला आलो आणि पाण्यातला फरक कळला राव. तिकडे खडकवासल्याचं मऊ पाणी, इकडे बोर नाहीतर टँकर. साबणाला फेस नाही, नळाच्या जाळीवर पांढरे थर, आणि तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी टणक, आई म्हणाली डाळच जुनी आहे, मग एकदा आरओचं पाणी घातलं तर तीन शिट्ट्यांत मेण!

टेस्ट केली तर हार्डनेस (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला ५८० मिलिग्रॅम. बीआयएसप्रमाणे (भारतीय मानक ब्युरो) २०० पर्यंत चांगलं, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आम्ही पास, काठावर. गिझरची कॉइल मात्र वर्षात गेली, पाणी तापलं की क्षार तिथेच बसतात ना. जाळ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवतो, निघतात.