बाबा गच्चीवर आले

घरातून सगळे मिळून कुठे निघालो की बाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो." टेकडी चढायची असो, पाण्यात उतरायचं असो, नाहीतर नुसता लांबलचक जिना असो, बाबा खाली पिशव्यांपाशी. आमच्या चपला ओळीनं लावलेल्या, पाण्याची बाटली मांडीवर. आम्ही भिजून-दमून परतलो की त्यांच्या हातात टॉवेल तयार असायचा. त्यांनाही कधी वर यावंसं वाटत असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर त्यांची लाडकी लेक.

गेल्या गुरुवारी बाबा गच्चीवर आले. सांगायचं आहे ते एवढंच, पण दोन ओळींत उरकावं असं ते नाही.

सुरुवात थोरल्यानं केली. तो दहा वर्षांचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण लागत नाही, हे त्याला कुठेतरी वाचायला मिळालं आणि घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना, आंघोळीला जाताना, झोपताना तेच. ते साधारण ४०० किलोमीटर उंचावरून जातं, तासाला जवळजवळ २८,००० किलोमीटर या वेगानं, आणि दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करतं. आत बहुतेक वेळा सात माणसं असतात. नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. हे शेवटचं ऐकून मी हातातलं काम ठेवून दिलं होतं. माझं कॉलेज, लग्न, दोन्ही बाळंतपणं, या सगळ्या काळात आपल्या डोक्यावर कोणी ना कोणी होतंच.

ते कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेला दिसेल हे सांगणारी नासाची 'स्पॉट द स्टेशन' नावाची सोय आहे. थोरल्यानं माझ्या फोनवर ती शोधून काढली. मंगळवारी सात वाजून एकवीस मिनिटं. मी, थोरला आणि सहा वर्षांची धाकटी असे तिघं गच्चीवर जाऊन माना वर करून उभे राहिलो. सात वाजता आकाश स्वच्छ होतं, सव्वासातला ढग आले. पावणेआठला आम्ही गुपचूप खाली आलो.

बाबा दारातच उभे होते. "दिसलं का?"

त्या दोन शब्दांत काहीतरी होतं. मी नीट त्यांच्याकडे पाहिलं. ते कितीतरी वेळ तसेच उभे असावेत, कारण त्यांचा हात चौकटीवर टेकलेला होता, आणि पाय दुखायला लागल्याशिवाय ते कशाचा आधार घेत नाहीत.

मग रात्री ते मुलांना १९६९ सालातलं सांगत बसले. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. जुलै महिना, माणूस चंद्रावर उतरतो आहे आणि अख्खं घर रेडिओला कान लावून बसलेलं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाबांना मात्र तेव्हापासून मायकेल कॉलिन्सचं वाटत राहिलं आहे. दोघं खाली, आणि हा एकटा वर चंद्राभोवती यान फिरवत राहिलेला. प्रत्येक फेरीत यान चंद्राच्या मागे गेलं की पाऊण तासभर पृथ्वीशी बोलणं बंद. "तो थांबला म्हणून तर ते दोघं परत येऊ शकले," बाबा म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या रात्री पहिल्यांदा मला त्यात आमच्या चपलांची ओळ दिसली, आणि मला झोप लागेना.

"आजोबा, गुरुवारी परत आहे. तुम्ही पण चला," थोरला म्हणाला.

"तुम्ही जाऊन या रे. मी इथे बसतो."

"पण इथून नाही दिसत," धाकटी म्हणाली.

यावर बाबांजवळ उत्तर नव्हतं. थोरला तडक उठून बॅटरी घेऊन जिन्यात गेला आणि पायऱ्या मोजून आला. छत्तीस. नऊ-नऊ पायऱ्यांचे चार टप्पे, दर टप्प्यानंतर वळणावर सपाट जागा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाबांचा उजवा गुडघा बदलून आठ महिने झाले. घरात ते छान चालतात. पण जिना म्हणजे दवाखान्यात जायचं असेल तेव्हा उतरायचा आणि आल्यावर चढायचा, एवढाच. उगाच, मौजेसाठी म्हणून त्यांनी आठ महिन्यांत एक पायरी चढली नव्हती. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. सावकाश, कठडा धरून, बसत-बसत गेले तर काही हरकत नाही, उलट चांगलंच, असं ते म्हणाले. आई तरी घाबरलेलीच होती.

गुरुवारची वेळ सात एकोणीस. आम्ही साडेसहालाच निघालो.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बाबांना एक नियम घालून दिला आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना जो पाय वरच्या पायरीवर पडतो तो सगळं अंग उचलून घेतो, म्हणून तो धडधाकट हवा. उतरताना वरच्या पायरीवर राहिलेला पाय वाकून भार सोसतो, म्हणून तेव्हा चांगला पाय मागे ठेवायचा. धाकटीनं हे पाठच करून टाकलं. ती पुढे उभी राहून दर पायरीला सांगायची, "डावा. आता उजवा." थोरल्याकडे प्लास्टिकचं स्टूल. तो धावत पुढच्या वळणावर जाऊन ते मांडायचा, हातानं दाबून डुगडुगत नाही ना पाहायचा, आणि बाबा बसून उठले की पुन्हा उचलून पुढे. आई मागून बॅटरी दाखवत होती. मी बाबांच्या एक पायरी खाली, हात त्यांच्या पाठीशी, पण न टेकवता.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा कठड्यावरचा हात होता. दर पायरीला आधी बोटं पुढे सरकायची, मग पकड घट्ट व्हायची, मग अंग वर यायचं. बोटांची पेरं पांढरी पडायची आणि पाय टेकला की पुन्हा रंग यायचा. या हाताला धरून मी सायकल शिकले. तो इतका बारीक झाला आहे हे मला माहीत नव्हतं. रोज एका घरात राहूनही माणसाचे हात बघायचे राहून जातात.

दुसऱ्या वळणावर पाच मिनिटं. तिसऱ्या वळणावर मात्र ते बराच वेळ बसले. सात वाजून गेले होते. मुलं गप्प होती, आणि ती गप्प राहिली याचं मला आजही कौतुक वाटतं. आई म्हणाली, "अहो, राहू दे आता. पुढच्या वेळी जाऊ." बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि उठले.

शेवटच्या नऊ पायऱ्या त्यांनी न थांबता चढल्या.

गच्चीवर वारा होता. थोरल्यानं स्टूल मधोमध ठेवलं, पण बाबा बसले नाहीत. कठड्याला टेकून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. वर काही दिसण्याआधीच ते इतके आनंदले होते की ढग आले असते तरी मला चाललं असतं. पण त्या दिवशी ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

सर्वांत आधी धाकटीला दिसलं. नैऋत्येला, घरांच्या छपरांच्या थोडं वर, एक पांढरा ठिपका. विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज नाही, घाई नाही. एका लयीत वर-वर येतो आणि तेजस्वी होत जातो. डोक्यावर आला तेव्हा आकाशात त्याच्याइतकं ठळक दुसरं काही नव्हतं. बाबांची मान मागे गेली तशी मी त्यांच्या पाठीला हात लावला, या वेळी टेकवून. धाकटी दोन्ही हात हलवत होती. आतल्या माणसांना आपण दिसतो का, असं तिनं विचारलं. थोरला म्हणाला, दिसत नसणार. बाबा म्हणाले, "तरी हलव."

ईशान्येकडे उतरताना मधेच तो ठिपका तांबूस झाला, मंद झाला आणि भर आकाशात नाहीसा झाला. धाकटी घाबरली, तिला वाटलं पडलं ते. थोरल्यानं तिला समजावलं. त्या ठिपक्याला स्वतःचा उजेड नाहीच. आपल्याकडे सूर्य मावळून तासभर झाला तरी तिथे, इतक्या उंचावर, अजून ऊन असतं. त्या उन्हात ते चमकतं, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की विझतं. म्हणून ते दिसतं तेही दिवेलागणीनंतरच्या थोड्या वेळात, नाहीतर पहाटे. एवढं बोलून त्यानं आजोबांकडे पाहिलं, बरोबर सांगितलं ना म्हणून. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

सगळं मिळून सहा मिनिटं झाली असतील.

उतरणं सोपं गेलं. आता धाकटी "उजवा, मग डावा" म्हणत होती आणि एकदाही चुकली नाही. दाराशी आलो आणि सगळेच थांबलो. दार ओढलं की आपोआप बंद होतं. किल्ली कोणाजवळच नव्हती. आमच्या घरात किल्ली घेऊन कोणी बाहेर पडतच नाही, कारण बाबा घरात असतात. वर्षानुवर्षं बेल वाजवली की दार उघडतं. त्या दिवशी दार उघडायला आत कोणी नव्हतं.

दुसरी किल्ली नवऱ्याकडे, आणि तो कामावरून यायला अजून तास-सव्वातास. बाबांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे," असं ते म्हणाले आणि आई त्यांच्यावर चक्क ओरडली, "काही तुमच्यामुळे नाही!" मग तीच पायरीवर बसली. आम्हीही बसलो. बाबा स्टुलावर, मुलं त्यांच्या पायांशी.

त्या तासात काय झालं ते सांगण्याजोगं फारसं नाही, पण मला तो तास गच्चीवरच्या सहा मिनिटांइतकाच हवा आहे. मोबाईल एकच होता आणि तो नवऱ्याच्या फोनसाठी राखून ठेवला होता. टीव्ही दाराच्या आत, स्वयंपाक दाराच्या आत, सगळी कामं दाराच्या आत. आईनं तिच्या शाळेतल्या कविता म्हटल्या. मला माहीतच नव्हतं तिला इतक्या येतात.

आठ दिवसांपासून हलत असलेला धाकटीचा खालचा दात तिथेच पडला. नुसता पडला नाही, पायऱ्यांवरून टिक-टिक करत खाली गेला. सगळे शोधायला लागले. बाबांनी स्टुलावरूनच बॅटरी धरली, आणि खालून चौथ्या पायरीच्या कोपऱ्यात आईला तो सापडला. शर्टाच्या बटणाहून लहान. वरून शुभ्र, खालून पोकळ, कडेला लालसर रेघ. "याचं मूळ कुठे गेलं? आत राहिलं?" धाकटीनं रडवेल्या आवाजात विचारलं. बाबांनी दात तळहातावर घेतला, चष्म्याजवळ नेऊन पाहिला. मग तिला सांगितलं, की खालून नवा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं. म्हणूनच तो हलतो आणि पडतो. "वीस असतात. एक गेला, एकोणीस राहिले."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा पहिला पडला तेव्हा तू टेकडीवरून रडत खाली आली होतीस."

मला ती टेकडी आठवत होती. वरचा वारा, दूरवरची शेतं, सगळं आठवत होतं. दात आठवत नव्हता. रडणंही नाही. ते खाली बसलेल्या माणसाच्या वाट्याला आलेलं, म्हणून त्यांच्याच लक्षात राहिलेलं.

नऊला दहा कमी असताना नवरा धापा टाकत वर आला आणि आम्हा सगळ्यांना जिन्यात बसलेलं पाहून घाबरलाच. धाकटीनं त्याला आधी दात दाखवला. मग तिनं आजोबांना विचारलं, "ते आता कुठे असेल?"

बाबांनी घड्याळात पाहिलं. "दीड तास झाला. एक अख्खी फेरी मारून झाली असेल."

धाकटीला लगेच परत गच्चीवर जायचं होतं. आता ते सावलीत असणार, दिसायचं नाही, हे तिला पटवायला आणखी दहा मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ उघड्या दारासमोर आम्ही जिन्यातच होतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन जादा किल्ल्या करून आणल्या. एक आईच्या पर्समध्ये, एक माझ्या. रात्री थोरला पुढच्या तारखा बघत होता. संध्याकाळची खेप संपली, आता एकदम पहाटेची. पाच वाजून अडतीस मिनिटं. एवढ्या पहाटे कोण उठणार, असं मी म्हटलं आणि बाबांकडे पाहिलं. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

"गजर मी लावतो," बाबा म्हणाले. "पायऱ्यांना वेळ लागतो, पावणेपाचचाच लावतो."