न कंटाळणारा श्रोता

बर्लिनमधल्या आम्हा नाशिककरांत हल्ली एक सोय रुळली आहे. गावी कुणी वारलं की सांत्वनाचा मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा. मध्यंतरी पंचवटीतले एक काका गेले, तेव्हा ग्रुपवर असेच संदेश आले. सगळे शुद्ध, भारदस्त, 'कधीही भरून न निघणारी पोकळी'वाले. काकूंनी उत्तर दिलं ते एकालाच. त्यानं लिहिलं होतं, "काकू, काय बोलू सुचत नाहीये. रात्री फोन करतो."

तिकडे माणसं भेटायला जातात, सतरंजीवर बसतात, दहाव्याला रामकुंडावर किती वाजता यायचं ते विचारतात आणि मग गप्प होतात. त्या गप्प बसण्याचं कुणाला वावगं वाटत नाही. यंत्राला मात्र कायम काहीतरी सुचतंच!

याबद्दल फार आधी सावध झाला तो एक बर्लिनकरच. जोसेफ वायझेनबाउम, जन्म १९२३. ज्यू असल्यामुळे १९३६ साली कुटुंबाला जर्मनी सोडून अमेरिका गाठावी लागली. तिथल्या एमआयटी या विद्यापीठात असताना १९६६ साली त्यानं 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. एलायझाला कळत काहीच नव्हतं, समोरच्याचंच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारायची. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीला हे सगळं ठाऊक होतं. तरीही एलायझाशी बोलता बोलता ती त्याला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाता का?" तो हादरला. काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्याकडे देऊ नयेत, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. म्हातारपणी तो बर्लिनला परतला.

आजची यंत्रं एलायझापेक्षा कितीतरी हुशार, आणि गोडबोली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर चॅटजीपीटीचं एक अपडेट ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला मागे घ्यावं लागलं, इतकं ते हांजी हांजी करत होतं. इथे हिवाळ्यात दुपारी चारला अंधारतं. एकट्या माणसाला असा श्रोता हवासा वाटला तर मी नावं ठेवणार नाही. पण त्याची सवय लागली की मध्येच तोडणारी, स्वतःचंच रडगाणं लावणारी माणसं नकोशी होत जातात, आणि आपली सगळी माणसं तशीच तर असतात. माझी गंगापूर रोडची आत्या फोनवर माझं निम्मंच ऐकते. उरलेला वेळ तिचे गुडघे, नळाचं पाणी आणि शेजारणीची सून. "झालं तुझं? आता माझं ऐक," असं मला अजून कुठल्या अ‍ॅपनं दटावलेलं नाही.