आठ नंबरचा ब्रश

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत भरदुपारीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. शाळेची छापील यादी हातात धरलेले आईवडील, तपकिरी कव्हरांचे रोल, कंपासपेट्या. आणि या सगळ्या धबडग्यात काउंटरच्या एका टोकाला पन्नाशीचे एक गृहस्थ पाण्याच्या वाटीत जलरंगाचा ब्रश बुडवत उभे असतात. बुडवला, मनगटाला झटका दिला, टोक डोळ्यांपाशी नेलं, परत बुडवला. मागे ताटकळलेल्या बाईंना वाटतं, काय हा रिकामपणा! दुकानदार मात्र काही बोलत नाही. असलं गिऱ्हाईक त्याला माहीत असतं. ते एकच ब्रश घेणार, पण पुढच्या महिन्यात परत येणार.

त्या गृहस्थांचं बरोबरच असतं. नव्या ब्रशचे केस खळ लावून टोकदार बसवलेले असतात, त्यामुळे कोरडेपणी जगातला प्रत्येक ब्रश गुणी दिसतो. त्याला मिनिटभर पाण्यात धरून बोटांनी खळ सोडवायची आणि मग एकच झटका द्यायचा. केस आपणहून एका टोकाला आले तर ठीक. दोन टोकं झाली तर ठेवून द्यायचा, कारण दुभंगलेलं टोक घरी नेल्यावर सुधारत नाही. मग अंगठ्याच्या नखावर आडवा दाबून सोडायचा. तो चटकन सरळ व्हायला हवा. वाकून बसला तर रेषा मारताना तो आपल्या मनाप्रमाणे चालणार नाही. शेवटी केस धरून ठेवणारा पत्रा आणि दांडा धरून हलकेच पिळून बघायचं. पत्रा हलला तर पावसाळ्यानंतर तो हातात येणार. जे दुकान वाटीभर पाणी देत नाही, तिथून फक्त खोडरबर घ्यावा.

आता आठ नंबर म्हणजे नक्की केवढा, हे कुणीही ठरवलेलं नाही. एका कंपनीचा आठ दुसरीच्या सहाएवढा निघतो. म्हणून जुना ब्रश खिशात घालून जाणं उत्तम. नाहीतर पत्र्याच्या तोंडाशी जाडी आणि केसांची लांबी फूटपट्टीने मोजायची. लोक बघतात. बघू देत.

आपल्याकडे ब्रशशी पहिली ओळख बारा वड्यांच्या रंगपेटीतून होते. त्या पेटीत पांढरी वडी पहिल्याच दिवशी मळायची आणि पिवळीत हिरव्याचा डाग कायमचा बसायचा. सोबतचा ब्रश म्हणजे काडीला बांधलेली झाडणीच. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आलं आणि शून्य नंबर दाखल झाला. संकल्पचित्राची कडा मारायची म्हणून तो ओठांत घेऊन टोक काढायचं, ही सवय त्या वर्गांत साऱ्यांनाच लागली. पोस्टर कलर जिभेवर कसा लागतो हे विचारलं तर निम्मा महाराष्ट्र अचूक सांगेल. मात्र चाळिशीनंतर रंगांकडे परत वळणाऱ्याने ही सवय आधी सोडावी. खऱ्या कॅडमियम आणि कोबाल्टच्या ट्यूबा पोटात जाण्याच्या लायकीच्या नसतात.

परत वळणारा माणूस पहिली चूक करतो ती क्रमाची. बोनस झाला, मुलं मार्गी लागली, की तो आधी परदेशी रंगांची चोवीसची पेटी आणतो, मग ब्रशांचा सेट, आणि चित्र काढतो शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीवर. पाणी पडलं की तो पातळ कागद तव्यावरच्या पापडासारखा वेडावाकडा होतो, रंग खळग्यांत साचतो, आणि दोष जातो हाताकडे. आधी कागद बदलावा. सुती, तीनशे जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम), कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खडबडीत. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, असं काम करायला गेलं की पहिला थर उखडतो. सुती कागदावर तोच रंग दोनदा उचलून पुसता येतो. पॅडच्या नादी लागू नये. बावीस बाय तीस इंचांची पूर्ण शीट घ्यावी, स्टीलच्या पट्टीवर धरून फाडावी. पंधरा बाय अकराचे चार तुकडे निघतात, ते परत अर्धे केले की आठ. त्याच कागदाच्या पॅडपेक्षा हिशेब बहुधा स्वस्तात पडतो. पाव शीटपर्यंत तीनशे जीएसएम ताणून बसवायची गरज नसते. चारी कडांना मास्किंग टेप पुरते. ती काढायची कागद पूर्ण वाळल्यावर, आणि ओढायची बाहेरच्या बाजूला.

शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. पुण्यात राहून हातकागद हाताळला नाही, असं निदान रंगवणाऱ्याने तरी करू नये. हातकागदाची खडबड काही औरच असते, सुका ब्रश ओढला की दगडी भिंत अर्धी आपोआप उमटते. फक्त पाणी लगेच आत शिरू नये म्हणून कागदाला खळ लावतात, ती कुठल्याही हातकागदात शीटगणिक कमीजास्त असू शकते. एक शीट आणावी, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवावा, दोन मिनिटांनी मागची बाजू बघावी. मागे ओल आली तर तो कागद शाई किंवा पेस्टलसाठी. नाही आली तर दहा आणाव्यात.

फ्रान्सच्या व्होज भागात १४९२ पासून चालू असलेल्या आर्श गिरणीच्या कागदाला जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेली, खळ असते. तो भिजवला की किंचित मेंढीचा वास येतो. सोवळ्याच्या स्वयंपाकघरालगत टेबल मांडून बसणाऱ्यांच्या घरी यावरून काय होतं ते ज्याने त्याने बघावं. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी जिलेटिन न वापरलेले कागदही मिळतात. घेण्यापूर्वी वेष्टन वाचावं.

खळीवरून आठवलं. चांगला कागद राखून ठेवण्याची आपल्याकडे एक रीतच आहे. 'हात बसला की मग वापरू' म्हणून तो कपाटात जातो, वर्तमानपत्राच्या घडीत, साड्यांच्या खाली. तिथे त्याच्यावरून पुण्याचे तीन-चार पावसाळे जातात. दमट हवेत खळ हळूहळू मरते, आणि हे वरून अजिबात दिसत नाही. कागद तसाच पांढरा, तसाच दणदणीत. एके दिवशी धीर करून आभाळाचा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला, की त्यात टीपकागदावर शाई सांडावी तसे गडद ठिपके उमटतात आणि ब्रशने कितीही फिरवलं तरी हटत नाहीत. चूक रंगवणाऱ्याची नसते. ज्या दिवशी तो कागद कपाटात गेला, त्या दिवसापासून तो बिघडायला लागलेला असतो. ठेवायचाच तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, तोंड टेपने बंद करून, आडवा. आणि जमिनीलगत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. मेलेल्या कागदावर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, बरं बसतं, पेस्टल तर छानच.

रंगांचं थोडक्यात. ट्यूबवरचं मोठं नाव सोडावं आणि मागचा रंगद्रव्याचा बारीक कोड वाचावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५:३ म्हणजे थॅलो ब्लू, पीबीआर ७ म्हणजे सिएना-अंबरची मातकट घराणी, पीव्ही १९ गुलाबी. एका ट्यूबमध्ये एकच कोड असला की मिसळताना चिखल कमी होतो. विद्यार्थी प्रतीच्या ट्यूबवर 'कोबाल्ट ब्लू ह्यू' लिहिलेलं असतं, त्यात बहुतेकदा कोबाल्ट नसतोच. अल्ट्रामरीन किंवा थॅलोत पांढरा घातलेला असतो, आणि मग पर्वतीवरचं आभाळ खडूने काढल्यासारखं दिसतं. चोवीसच्या पेटीऐवजी कलाकार प्रतीच्या सहा ट्यूबा पुरतात: एक लिंबू पिवळा, एक यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन रोझ आणि वर सांगितलेले दोन निळे. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना निम्मे-निम्मे घेतले की शनिवारवाड्याच्या तटाचा दगड मिळतो. निळा थोडा वाढवला की जुलैतला लक्ष्मी रस्ता. अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, दिसायला राजस आहे, पण उन्हात उडतो. खात्री हवी असेल त्याने पट्टी रंगवून अर्धी काळ्या कार्डाने झाकावी, मार्चमध्ये दक्षिणेच्या खिडकीला चिकटवावी आणि गणपतीत काढावी.

पॅलेट म्हणून घरातली पांढरी चिनीमातीची बशी घ्यावी. नव्या प्लास्टिकवर रंगाचे नुसते थेंब होतात, बशीवर तो पसरतो. मध घातलेले परदेशी रंग पुण्याच्या पावसाळ्यात वाळतच नाहीत. रंगांची डबी उभी ठेवली तर सगळे एकमेकांकडे जातात. ट्यूबमधला रंग डबीच्या खाच्यात भरला की झाकण उघडं ठेवून पंख्याखाली वाळवायचा. ओला बंद केला तर आठवड्यात पांढरी बुरशी. प्रत्येक खाच्यात सुईच्या टोकावर राहील एवढं लवंगेचं तेल घातलं तर ती लवकर धरत नाही. एप्रिलमध्ये उलटी तऱ्हा, वॉश निम्म्यावर येईपर्यंत वरची कड वाळलेली. तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा. जुलैत हेअर ड्रायर लागतो, पण कागदावरची चकाकी गेल्यावर आणि हातभर अंतरावरून. आधी मारला तर डबकं ढकललं जातं आणि त्याची फुलकोबीसारखी कड उमटते.

आता उरला ब्रश, ज्याच्यासाठी ते गृहस्थ उभे होते. तीन पुरतात: वॉशसाठी दीड इंची मऊ चपटा किंवा खारीच्या केसांचा मॉप, आठ किंवा दहा नंबरचा राउंड, म्हणजे गोल टोकदार, आणि तारा-फांद्यांसाठी लांब बारीक केसांचा रिगर. पैसे राउंडवर घालावेत. सिंथेटिक ब्रश पाणी एकदम सोडतो, आणि खडबडीत कागदावर काही महिन्यांत त्याचं टोक आकड्यासारखं वळतं. वळलं तर फक्त केस उकळत्या पाण्यात चार-पाच सेकंद धरून बोटांनी सरळ करावेत. पत्रा बुडवू नये, आतला गोंद सुटतो. कोलिन्स्की या नैसर्गिक केसांच्या ब्रशचं पोट मोठं, टोक सुईसारखं, आणि पाणी तो शेवटपर्यंत एका मापाने सोडत जातो. १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश कंपनीकडून आपल्या आवडत्या सात नंबरात असे ब्रश बनवून घेतले, ती मालिका अजून चालू आहे. एकाच्या किमतीत सिंथेटिकचा अख्खा सेट येतो. हौशी माणसाला चांगला सिंथेटिक आणि दरवर्षी नवा, हे जास्त परवडतं असं माझं मत. कोलिन्स्कीवाले ऐकत नाहीत.

ब्रश धुवायचा गार पाण्यात, अंगाच्या साबणाने, आणि वाळवायचा आडवा. बरणीत डोक्यावर उभा ठेवलेला ब्रश रात्रीत संपतो. सोबत मिळालेली प्लास्टिकची नळी परत चढवू नये, एखादा केस तिच्यात अडकून मोडतो आणि टोक जातं. नैसर्गिक केसांना कसर लागते, म्हणून डब्यात कापराची वडी.

कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन विझल या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे केस. ते कायदेशीर मार्गाने, कागदपत्रांनिशी येतात किंवा येत नाहीत. मुंगसाचं तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश बनवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. तरीही कंपनीचं नाव नसलेला, केसांवर गडद-फिकट पट्टे असलेला एखादा ब्रश 'ओरिजिनल हेअर' म्हणून काउंटरखालून निघतो. हातात घेतला तर टोक सुंदर असतं, नखावर दाबला तर चटकन उभा राहतो, सगळ्या परीक्षांत पास होतो. एका ब्रशपुरते केस जमवायलाही मुंगूस मारावंच लागतं. भाव विचारू नये. वनविभागाचा नंबर १९२६ आहे.